पंधरा ऑगस्ट : एका तारखेच्या घटना

पंधरा ऑगस्ट : भारताचा स्वातंत्र्यदिन. प्रचलित ग्रेगरियन कालगणनेनुसार हा वर्षाचा २२७ वा दिवस असून लीप वर्षात तो २२८ वा असतो. १९४७ मध्ये या दिवशी भारतातील ब्रिटिश सत्ता संपुष्टात आली, ही गोष्ट प्रत्येक भारतीय मुलास ठाऊक असते. तथापि जगाच्या इतिहासात याच तारखेस इतरही पुष्कळ घटना घडल्या आहेत. नेपोलियन व श्रीअरविंद यांचे जन्म, पनामा कालव्याचे उद्‌घाटन, दुसऱ्या महायुद्धातील जपानची शरणागती, दक्षिण कोरियाच्या प्रजासत्ताकाची स्थापना, गोव्याच्या सीमेवर सत्याग्रहींवर झालेला गोळीबार आणि शेख मुजीबुर रहमान यांची हत्या या त्यांपैकी काही प्रमुख घटना होत.

महाराष्ट्रातील अनेक शाळांतून फळ्याच्या एका कोपऱ्यात ‘दिनविशेष’ लिहिण्याची प्रथा आहे. अशा यादीत निरनिराळ्या शतकांतील व देशांतील घटना एकाखाली एक येतात. त्या वाचणाऱ्या मुलास साहजिकच वाटते की, एका दिवशी घडलेल्या या घटनांचा एकमेकींशी काही संबंध असला पाहिजे. हा प्रश्न योग्य आहे. मात्र त्याचे उत्तर सर्वच घटनांना सारखे लागू पडत नाही. काही घटना केवळ योगायोगाने एका तारखेस येतात, तर काही घटनांसाठी ती तारीख कोणीतरी मुद्दाम निवडलेली असते. योगायोगातून इतिहासाविषयी फारसे काही कळत नाही; निवडीतून मात्र निवडणाऱ्याचा हेतू कळतो, आणि त्या निवडीचे परिणाम कोणास भोगावे लागले हेही पाहावे लागते. पंधरा ऑगस्ट या तारखेच्या इतिहासात दोन्ही प्रकारची ठळक उदाहरणे सापडतात.

तारीख व कालगणना : तारीख ही निसर्गाने दिलेली वस्तू नाही. दिवस आणि रात्र निसर्गनियमाने होतात. परंतु एखाद्या दिवसास ‘पंधरा ऑगस्ट’ म्हणावयाचे हे माणसांनी ठरविले आहे. रोमन लोकांच्या प्राचीन पंचांगात या महिन्याचे नाव ‘सेक्स्टिलिस’, म्हणजे सहावा, असे होते. कारण त्या काळी वर्षाची सुरुवात मार्चपासून होत असे. इ. स. पू. ८ मध्ये रोमन सिनेटने सम्राट ऑगस्टस याच्या सन्मानार्थ ते बदलून ऑगस्ट असे केले. पुढे जूलियन कालगणनेतील वर्षाची लांबी व सूर्याचे प्रत्यक्ष वर्ष यांत फरक पडत गेल्याने पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ मध्ये तीत सुधारणा केली आणि ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर धरण्यात आला. इंग्लंडने ही सुधारणा १७५२ मध्ये स्वीकारली. त्यामुळे या संक्रमणकाळातील घटनांच्या तारखा देताना त्या कोणत्या कालगणनेप्रमाणे आहेत, हे सांगणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्रातील वाचकांस याचे परिचित उदाहरण म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांची जन्मतारीख होय. फाल्गुन वद्य ३, शके १५५१ या तिथीस जूलियन कालगणनेप्रमाणे १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख येते, तर ग्रेगरियन कालगणनेप्रमाणे तोच दिवस १ मार्च १६३० हा ठरतो. दिवस एकच, त्यास मोजण्याची मापे दोन.

तारीख स्थळाप्रमाणेही बदलते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे एका देशात नवा दिवस सुरू झालेला असताना दुसऱ्या देशात आदला दिवस चालू असतो. जपानच्या शरणागतीची घोषणा अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी वॉशिंग्टन येथे १४ ऑगस्ट १९४५ रोजी सायंकाळी सात वाजता केली. त्या क्षणी टोकिओमध्ये १५ ऑगस्टच्या सकाळचे आठ वाजले होते. म्हणून एकाच घटनेची तारीख अमेरिकी पुस्तकात १४ आणि जपानी पुस्तकात १५ अशी आढळते, आणि दोन्ही बरोबर असतात.

सणाचा दिवस : पंधरा ऑगस्टला महत्त्व आले ते प्रथम एका धार्मिक सणामुळे. येशू ख्रिस्ताची माता मेरी हिचे स्वर्गारोहण झाल्याचा हा दिवस, अशी रोमन कॅथलिक पंथीयांची श्रद्धा असून जगभरच्या कॅथलिक समाजाप्रमाणे गोवा व वसई येथील कॅथलिकही तो पाळतात. महत्त्वाचे कार्य सणाच्या मुहूर्तावर आरंभावे, ही वृत्ती सर्वच समाजांत आढळते. १५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसमधील माँमार्त्र टेकडीवरील प्रार्थनामंदिरात इग्नेशियस लॉयोला व त्याचे सहा सहकारी यांनी धर्मकार्यास वाहून घेण्याची शपथ घेतली. याच गटातून पुढे जेझुइट संघ उदयास आला. या सातांपैकी एक सेंट फ्रान्सिस झेव्हिअर हा १५४२ मध्ये गोव्यास आला आणि तेथून अतिपूर्वेकडे गेला. शपथविधीनंतर बरोबर पंधरा वर्षांनी, १५ ऑगस्ट १५४९ रोजी, तो जपानच्या दक्षिणेकडील कागोशिमा बंदरात उतरला. जुन्या गोव्यातील बॉम जेझू चर्चमध्ये त्याचे शव जतन करून ठेवले आहे. दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वाय या देशाची राजधानी आसुन्सिओन हिची स्थापना स्पॅनिश लोकांनी १५ ऑगस्ट १५३७ रोजी केली. ‘आसुन्सिओन’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थच स्वर्गारोहण असा आहे. या सर्व तारखा अर्थात जूलियन कालगणनेच्या आहेत.

यांपैकी शपथेचा दिवस सणासाठी निवडलेला होता व नगराचे नाव त्याच सणावरून आले, हे उघड आहे. झेव्हिअरच्या आगमनाचे तसे म्हणता येत नाही. शिडाच्या जहाजाचा प्रवास वाऱ्यावर अवलंबून असे. परंतु सणाच्या दिवशी किनारा लागला ही गोष्ट प्रवाशांनी आवर्जून लक्षात ठेवली. तारखा टिकून राहतात त्या बऱ्याचदा अशाच कारणाने.

नेपोलियन बोनापार्ट याचा जन्म १५ ऑगस्ट १७६९ रोजी कॉर्सिका बेटावरील आयाचो येथे झाला. त्याच्या आदल्याच वर्षी जेनोआने हे बेट फ्रान्सच्या स्वाधीन केले होते. ते तसे झाले नसते, तर नेपोलियन फ्रान्सचा प्रजाजन म्हणून जन्मलाच नसता. जन्मदिवस कोणी निवडीत नाही. मात्र सम्राट झाल्यावर १८०६ मध्ये नेपोलियनने आपला जन्मदिवस ‘संत नेपोलियन’ या नावाने राष्ट्रीय सण म्हणून जाहीर केला. मेरीच्या सणासाठी लोक त्या दिवशी एरवीही चर्चमध्ये जमत असत. त्या गर्दीचा व श्रद्धेचा लाभ सम्राटाच्या गौरवास मिळाला. योगायोगाने आलेल्या तारखेचा सत्तेसाठी उपयोग कसा केला जातो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

योगायोग : काही घटनांच्या बाबतीत पंधरा ऑगस्ट हा दिवस कोणत्याही आठवणीशी जोडलेला नव्हता. १५ ऑगस्ट १८५४ रोजी ईस्ट इंडियन रेल्वेची गाडी हावड्याहून हुगळीपर्यंत, सु. ३८ किमी. अंतर, धावू लागली व पूर्व भारतात रेल्वेयुग सुरू झाले. मुंबई–ठाणे गाडी त्याच्या सोळा महिने आधी, १६ एप्रिल १८५३ रोजी, धावली होती. १५ ऑगस्ट १८७२ रोजी कलकत्ता येथे श्रीअरविंद घोष यांचा जन्म झाला. त्यांनी बडोदे संस्थानात नोकरी केली, पुढे ते राष्ट्रीय चळवळीत पडले आणि १९१० पासून पाँडिचेरी येथे योगसाधनेत राहिले. भारत स्वतंत्र झाला त्या दिवशी त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्या प्रसंगी नभोवाणीसाठी दिलेल्या संदेशात त्यांनी या जुळणीस केवळ अपघात न मानता तीत ईश्वरी संकेत पाहिला. हा त्यांच्या श्रद्धेचा विषय आहे. इतिहासाचा अभ्यासक मात्र तारीख कोणी व का निवडली याचाच शोध घेतो.

१५ ऑगस्ट १९१४ रोजी ‘अँकॉन’ ही आगबोट अटलांटिक महासागरातून पॅसिफिकमध्ये गेली आणि पनामा कालवा वाहतुकीस खुला झाला. सु. ८० किमी. लांबीच्या या कालव्यामुळे न्यूयॉर्क ते सॅन फ्रॅन्सिस्को हा सागरी प्रवास सु. १२,५०० किमी.ने कमी झाला. फ्रेंचांनी १८८१ मध्ये हाती घेतलेले व अर्धवट सोडलेले हे काम अमेरिकेने १९०४ पासून दहा वर्षांत पुरे केले होते. परंतु पहिले महायुद्ध अडीच आठवड्यांपूर्वीच सुरू झाल्याने जगाचे लक्ष तिकडे लागले होते, व नियोजित भव्य समारंभ झाला नाही. १५ ऑगस्ट १९५० रोजी सायंकाळी, स्वातंत्र्याचा तिसरा वर्धापनदिन साजरा होत असताना, आसाम व तिबेट यांच्या सरहद्दीवर ८.६ इतक्या तीव्रतेचा भूकंप झाला. विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या भूकंपांपैकी तो एक होता. डोंगरकडे कोसळून सुबनसिरी नदीचा प्रवाह अडला आणि काही दिवसांनी तो बांध फुटून खालची गावे वाहून गेली. भूपृष्ठाखालील हालचालींस माणसांच्या दिनदर्शिकेचे बंधन नसते.

योगायोग म्हणजे कारणाचा अभाव असे मात्र समजू नये. प्रत्येक घटनेस स्वतःचे कारण असते. ते तारखेशी निगडित नसते एवढेच. १५ ऑगस्ट १९६० रोजी फ्रेंच काँगो स्वतंत्र झाला, कारण फ्रान्स त्या महिन्यात आपल्या आफ्रिकी वसाहती एकामागून एक मुक्त करीत होता : चाड ११, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक १३, काँगो १५ व गाबाँ १७ ऑगस्टला. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी डॉलरच्या मोबदल्यात सोने देण्याची हमी थांबविली. तोपर्यंत परकीय सरकारांना एक औंस सोने ३५ डॉलरला मिळत असे. तो दिवस रविवार होता व बाजार बंद होते, ही गोष्ट अशा घोषणेस सोयीची होती.

तारखा जुळण्याचे मुलांना जेवढे नवल वाटते, तेवढे ते दुर्मिळ नाही. वर्षात ३६६ पेक्षा अधिक तारखा नसतात आणि घटना असंख्य असतात. एका खोलीत २३ माणसे असली, तर त्यांपैकी कोणा तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेस असण्याचा संभव निम्म्याहून अधिक असतो. चाळीस मुलांच्या वर्गात तो १०० पैकी ८९ इतका होतो. मग हजारो वर्षांच्या इतिहासात प्रत्येक तारखेस काही ना काही घडलेले असावे, यात आश्चर्य नाही.

जपानची शरणागती : १९४५ च्या ऑगस्टमध्ये ६ तारखेस हिरोशिमावर व ९ तारखेस नागासाकीवर अमेरिकेने अणुबाँब टाकले, दरम्यान ८ तारखेस रशियाने जपानविरुद्ध युद्ध पुकारले. १५ ऑगस्ट रोजी दुपारी बारा वाजता सम्राट हिरोहितो यांचे आदल्या रात्री ध्वनिमुद्रित केलेले भाषण जपानी नभोवाणीने प्रक्षेपित केले. सामान्य जपानी लोकांनी आपल्या सम्राटाचा आवाज प्रथमच ऐकला. भाषणात ‘शरणागती’ हा शब्द नव्हता आणि भाषा दरबारी होती. त्यामुळे युद्ध संपले हे अनेकांस ताबडतोब उमगले नाही. शरणागतीच्या करारावर सह्या झाल्या त्या २ सप्टेंबर रोजी.

या एका दिवसातून दोन देशांचे स्वातंत्र्यदिन निघाले. कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात होता. जपानच्या पराभवाने तो मुक्त झाला. मात्र ३८ अक्षांशाच्या उत्तरेस रशियाचे व दक्षिणेस अमेरिकेचे सैन्य आल्याने त्याचे दोन तुकडे झाले. दक्षिणेत कोरियन प्रजासत्ताकाची घोषणा करण्यासाठी मुक्तीचा तिसरा वर्धापनदिन, म्हणजे १५ ऑगस्ट १९४८, ही तारीख ठरविण्यात आली व सिंगमन ऱ्ही हे पहिले अध्यक्ष झाले. उत्तर कोरियाची स्थापना ९ सप्टेंबर १९४८ ची असली, तरी १५ ऑगस्ट हा मुक्तिदिन तेथेही पाळला जातो.

भारताची तारीख : १५ ऑगस्ट हा दिवस भारतीय चळवळीने निवडलेला नव्हता. चळवळीचा दिवस २६ जानेवारी हा होता. लाहोर काँग्रेसच्या पूर्ण स्वराज्याच्या ठरावानुसार १९३० मध्ये त्या दिवशी देशभर स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेण्यात आली आणि पुढे दरवर्षी तो दिवस पाळला जाई. २० फेब्रुवारी १९४७ रोजी ब्रिटनचे पंतप्रधान क्लेमंट ॲटली यांनी जून १९४८ पर्यंत सत्तांतर करण्याचे जाहीर केले. व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांनी ३ जून १९४७ रोजी फाळणीची योजना घोषित केली व दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषदेत सत्तांतर सु. १५ ऑगस्टला होईल, असे सांगितले. ही तारीख का, याचे उत्तर त्यांनी अनेक वर्षांनंतर लॅरी कॉलिन्स व दॉमिनिक लापिएर या लेखकांना दिले : जपानच्या शरणागतीचा तो दुसरा वर्धापनदिन होता. युद्धात माउंटबॅटन हे आग्नेय आशियातील दोस्त सैन्याचे सरसेनापती होते आणि सिंगापूर येथे जपानी सेनापतींची शरणागती त्यांनीच स्वीकारली होती. एका सेनापतीच्या स्मरणातील विजयदिन अशा रीतीने चाळीस कोटी लोकांच्या मुक्तीचा दिवस ठरला.

सत्तांतर लवकर व्हावे यामागे इतर कारणेही होती. देशात दंगली पसरत होत्या, प्रशासन खिळखिळे झाले होते आणि विलंबाने यादवी माजेल अशी भीती होती. परंतु एकदा तारीख जाहीर झाल्यावर सर्व कामे तिच्या मापाने कापावी लागली. सैन्य, खजिना, रेल्वे, कचेऱ्यांतील दप्तरे यांची वाटणी सु. दहा आठवड्यांत करावयाची होती. सीमा आखण्यासाठी नेमलेले सर सिरिल रॅडक्लिफ हे ८ जुलै रोजी भारतात आले. ते यापूर्वी भारतात कधीही आलेले नव्हते. पंजाब व बंगाल या दोन प्रांतांतून रेषा ओढण्यास त्यांना सु. पाच आठवडे मिळाले. त्यांचा निवाडा जाहीर झाला तो १७ ऑगस्ट रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी.

त्यामुळे १५ ऑगस्ट १९४७ रोजी लक्षावधी लोकांना आपण कोणत्या देशात आहोत हे निश्चितपणे माहीत नव्हते. बंगालमधील मुर्शिदाबाद येथे पाकिस्तानचा, तर खुलना येथे भारताचा ध्वज फडकविण्यात आला. निवाडा प्रसिद्ध झाल्यावर मुर्शिदाबाद भारतात व खुलना पाकिस्तानात असल्याचे कळले आणि ध्वज बदलण्यात आले. पंजाबात जे घडले ते फार भयंकर होते. फाळणीमुळे एक कोटीहून अधिक लोकांना घरदार सोडावे लागले. मृतांचे अंदाज दोन लाखांपासून दहा लाखांहून अधिकपर्यंत आहेत. अधिक वेळ मिळाला असता, तर हा संहार टळला असता की वाढला असता, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. सीमा कोठे आहे हे न सांगता सत्ता हस्तांतरित झाली, याविषयी मात्र मतभेदास जागा नाही.

दिल्लीत १४ ऑगस्टच्या रात्री संविधान सभेचे अधिवेशन भरले व मध्यरात्रीच्या ठोक्यास सभासदांनी प्रतिज्ञा घेतली. लाल किल्ल्यावर पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी ध्वज फडकविला, तो १५ नव्हे तर १६ ऑगस्ट रोजी. पुढील वर्षापासून हा समारंभ १५ ऑगस्टला होऊ लागला. महात्मा गांधी या समारंभांत नव्हते. कलकत्त्यातील बेलियाघाटा भागात, दंगलग्रस्त वस्तीतील एका मोडकळीस आलेल्या घरात राहून त्यांनी तो दिवस उपवास, प्रार्थना व सूतकताई यांत घालविला. त्यांच्या दृष्टीने ती आणखी एक तारीख होती. पाच वर्षांपूर्वी, १५ ऑगस्ट १९४२ रोजी, पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत त्यांचे चिटणीस महादेव देसाई यांचे निधन झाले होते. पंचवीस वर्षे सोबत करणाऱ्या या सहकाऱ्यास अटक होऊन आठवडाही लोटला नव्हता. त्यांची समाधी तेथेच असून शेजारी कस्तुरबांची आहे.

पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन १४ ऑगस्ट हा मानला जातो. ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्यात दोन्ही देशांसाठी १५ ऑगस्ट हीच तारीख होती आणि १९४८ मध्ये निघालेल्या पाकिस्तानच्या पहिल्या टपाल तिकिटांवरही ती छापलेली आहे. परंतु माउंटबॅटन यांनी कराचीतील समारंभ १४ तारखेस उरकला होता, व १९४८ पासून पाकिस्तानने तोच दिवस स्वीकारला. एकाच कायद्याने जन्मलेल्या दोन राष्ट्रांचे वाढदिवस असे वेगळे झाले.

ज्यांना तो दिवस उशिरा आला : १५ ऑगस्ट १९४७ ला सारा देश स्वतंत्र झाला, हे विधानही अपुरे आहे. मराठवाडा ज्याचा भाग होता ते हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाले. गोवा, दमण व दीव पोर्तुगालच्या ताब्यातच राहिले. म्हणून गोव्याच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांनी आपल्या लढ्यासाठी हीच तारीख निवडली. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींची एक तुकडी तेरेखोलच्या किल्ल्यात शिरली व तेथे तिने तिरंगा फडकविला. पुढील वर्षी पुण्यातील गोवा विमोचन सहायक समितीच्या पुढाकाराने सामुदायिक सत्याग्रह सुरू झाला. त्याचे शिखर म्हणजे १५ ऑगस्ट १९५५ हा दिवस होय. त्या दिवशी देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही अनेक ठिकाणांहून पोर्तुगीज हद्दीत शिरले. सैनिकांनी त्यांच्यावर गोळीबार केला आणि वीसहून अधिक सत्याग्रही ठार झाले. पत्रादेवी येथे पंजाबचे कर्नेलसिंग बेनिपाल यांना हौतात्म्य आले. मध्य प्रदेशातील सहोद्राबाई राय यांना गोळी लागली. पनवेलचे हिरवे गुरुजी हेही त्या दिवशीच्या हुतात्म्यांपैकी एक होत. पत्रादेवीस आज हुतात्मा स्मारक आहे. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला.

येथे तारखेची निवड निःसंदिग्ध होती. जो दिवस देशभर ध्वजवंदनाचा, त्याच दिवशी तोच ध्वज घेऊन सीमा ओलांडावयाची, यात स्वातंत्र्य अद्याप अपुरे आहे ही गोष्ट शब्दांवाचून सांगितली गेली होती.

नंतरच्या निवडी : स्वातंत्र्योत्तर काळात राष्ट्रीय कार्यांचा आरंभ या दिवशी करण्याचा प्रघात पडला. भारतीय अवकाश संशोधन संघटनेची (इस्रो) स्थापना १५ ऑगस्ट १९६९ रोजी झाली. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी दिनी, १९७२ मध्ये, टपाल खात्याने सहा आकडी पिनकोड सुरू केला. त्याची योजना संस्कृत कवी व टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची होती. १९८२ मध्ये याच दिवशी दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, आणि आसाम करार १५ ऑगस्ट १९८५ या तारखेचा आहे.

शेजारच्या देशांत मात्र या तारखेस निराळ्या आठवणी जोडल्या गेल्या. १५ ऑगस्ट १९७५ रोजी पहाटे डाक्का येथे लष्करातील काही अधिकाऱ्यांनी बांगला देशाचे संस्थापक शेख मुजीबुर रहमान यांची, घरातील बहुतेक माणसांसह, हत्या केली. त्यांच्या दोन मुली परदेशी असल्यामुळे वाचल्या. काही सरकारांनी हा दिवस तेथे राष्ट्रीय शोकदिन म्हणून पाळला, तर विरोधी सरकारांनी तो रद्द केला. म्हणजे तारीख पाळणे वा न पाळणे हेही त्या देशातील राजकीय भूमिकेचे चिन्ह बनले. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानने अफगाणिस्तानची राजधानी काबूल ताब्यात घेतली.

दिनविशेषाचे वाचन : वरील विवेचनावरून एका तारखेच्या घटना वाचताना तीन प्रश्न विचारावेत, असे दिसून येते. ही तारीख कोणत्या कालगणनेप्रमाणे व कोणत्या ठिकाणची आहे? ती आपोआप आली की कोणी निवडली? आणि निवडली असल्यास, कोणी, कशाच्या स्मरणार्थ, व तिचे मोल कोणी दिले? नेपोलियन आणि श्रीअरविंद यांच्या जन्मांचा संबंध जोडण्यात अर्थ नाही, हे या प्रश्नांनी कळते. टोकिओतील दुपार, सेऊलमधील प्रजासत्ताक, दिल्लीतील मध्यरात्र आणि पत्रादेवीचा गोळीबार यांना जोडणारा दुवा खरा आहे, हेही त्यांनीच कळते. हाच निकष २६ जानेवारीस लावला असता असे आढळते की, संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारले गेले असूनही ते पूर्णपणे अमलात आणण्यासाठी २६ जानेवारी १९५० पर्यंत थांबण्यात आले. १९३० च्या प्रतिज्ञेचा दिवस भारतीयांनी स्वतः निवडलेला होता. म्हणून स्वातंत्र्याची तारीख दुसऱ्याने ठरविली असली, तरी प्रजासत्ताकाची तारीख त्यांनी आपल्या स्मरणातून घेतली.